जेवताना फक्त जर्मन

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर जर्मनचा क्लास होता. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे फळ्याजवळचा खडू बारा महिने दमट असायचा आणि लिहिताना किरकिरायचा. बाईंना खडूचं किरकिरणं चालायचं, विद्यार्थ्यांचं चालत नसे. "बाई, टेबल पुल्लिंगी का?" असं कुणी विचारलं की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या.

"आपल्याकडे खांब पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि दार नपुंसकलिंगी का, ते आधी तू सांग. नाही ना येत? आईच्या मांडीवर शिकलास म्हणून कधी विचारलं नाहीस. मग इथेही विचारू नकोस. शब्द पाठ करायचा तो त्याच्या लिंगासकट, देअर, दी, दाससकट. नुसता शब्द म्हणजे बिनदांड्याची पळी. हातात धरणार कशी?"

तोंडावर सगळे त्यांना जर्मनबाई म्हणत आणि पाठीमागे 'देअर-दी-दास'. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती आणि दुसऱ्या नावाचा त्यांना मनातून अभिमानच होता. नर्सा, स्वयंपाकी, वेल्डर, नुकते पदवी घेतलेले इंजिनियर अशी नाना तऱ्हेची माणसं त्यांच्या हाताखालून तिकडे, जर्मन लोकांच्या देशात गेली. प्रश्न मात्र पिढ्यानपिढ्या तेच. 'केनन' आणि 'विसन' यांत फरक काय? दोन वर्षांपासून राहतो म्हणताना वर्तमानकाळ का? बाई कपाळाला हात लावत. "अरे, एखाद्याला ओळखणं वेगळं आणि त्याच्याबद्दल माहीत असणं वेगळं, हे तुम्ही रोज बोलता की! दोन वर्षांपासून 'राहतो' असंच म्हणता ना? मग मधेच ती इंग्रजी कुठून काढता? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

शिकवणं उत्तम होतं, यात वाद नाही. पण त्यांच्या शिकवण्यात एक चाबूक होता, आणि तो कुठून आला ते समजायला बरंच मागे जावं लागेल.

कॉलेजात असताना बाई जर्मनमध्ये पहिल्या आल्या होत्या. तिकडे वर्षभर राहून शिकायची एक जागा होती आणि ती आपल्यालाच मिळणार असं त्या धरून चालल्या होत्या. मुलाखतीला दोन प्राध्यापक आणि तिकडची एक पाहुणी बाई बसली होती. शेवटचा प्रश्न साधा होता: पुढे तुम्हाला काय व्हायचंय? शिक्षिका व्हायचंय, हे सांगायला 'वेर्डन' हवं होतं. घाईत तोंडातून निघालं 'बेकॉमन'. कानाला ते इंग्रजीतल्या 'बिकम'सारखं वाटतं, पण अर्थ होतो मिळणं. म्हणजे ही पहिली आलेली मुलगी छाती पुढे काढून सांगत होती, मला एक शिक्षिका मिळायला हवी.

पाहुणी नुसती हसली. त्यातले एक प्राध्यापक मात्र टेबलावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे आजवर मिळालीच नाही म्हणा की!" ते स्वतःच त्यांना तीन वर्षं शिकवत होते, त्यामुळे विनोद खोलीभर पसरला. जागा दुसऱ्याच मुलीला मिळाली. तिचे गुण चांगले होते, तिचं बोलणंही मोकळं होतं. कदाचित एका शब्दाने काहीच बिघडलं नसेल. पण बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली ती बांधलीच: एका चुकीने माणसाचं आयुष्य जातं.

पुढे लग्न झालं. नवरा पंपांच्या कारखान्यात फिटर. बुटका, गोल चेहऱ्याचा, नखांत ग्रीस आणि तोंडात कायम काहीतरी गमतीचं. बायको एवढी शिकलेली, याचं त्याला भारी कौतुक. कारखान्यात सांगायचा, "आमच्या घरात दोन भाषा चालतात, एक जर्मन आणि एक गप्प बसण्याची. मला दुसरी उत्तम येते."

मुलगी झाली. तो तिला ठकी म्हणायचा. ठकी शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनी नियम केला: रात्रीचं जेवताना फक्त जर्मन. दिवसभर हवं ते बोला, पण ताटावर बसलं की मराठी बंद.

"अगं, मग मी काय करू?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही जेवा ना. तुम्हाला कुणी अडवलंय?"

पहिले काही दिवस तो हौसेने बसला. दोघी काय बोलतात ते चेहऱ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करायचा. ठकी चमचा मागायची. "देअर लॉफेल," म्हणायची. बाई चमचा हातात धरून ठेवायच्या. "चमचा इथे कर्म आहे. कर्माला 'देअर'चं काय होतं?" ठकी छताकडे बघायची, बापाकडे बघायची. बाप भुवया उडवायचा, खांदे पाडायचा, आपल्याला ठाऊक असतं तर दिलं असतं गं बाई, अशा अर्थाचं तोंड करायचा. मग तिला हसू यायचं आणि बाईंचा पारा चढायचा. "देन! देन लॉफेल! अहो, तुम्ही तिला हसवू नका." चमचा मिळेपर्यंत आमटी गार झालेली असायची.

हळूहळू तो आधीच जेवायला लागला. कारखान्यातून आला की हातपाय धुऊन, ओट्यापाशी उभ्या उभ्याच. बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाला, "माझं पोट अडाणी आहे गं. त्याला जर्मन कळत नाही, भूक कळते." बाईंना ते सोयीचंच वाटलं. ताटावर आता गडबड नव्हती. ठकीचं जर्मन सुधारत गेलं, इतकं की दहावीच्या आधीच ती क्लासमधल्या मोठ्या माणसांच्या चुका काढायची. बाई तिला वर्गात पुढे बसवत आणि कुणी अडखळलं की म्हणत, "सांग गं याला." ती सांगायची, मान खाली घालून.

बारावीनंतर ठकीने नर्सिंगला तिकडे जायचं ठरवलं. भाषेची परीक्षा तिने चुटकीसरशी काढली. बाईंनी लाँड्रीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं. निघायच्या दिवशी विमानतळावर त्या तिला शेवटच्या सूचना देत होत्या, तिकडे कुणाला एकेरी बोलायचं, कुणाला आदरार्थी, आपणहून आधी एकेरीवर यायचं नाही. बाप बॅगेच्या चाकात अडकलेला दोरा सोडवत खाली बसला होता. ठकी त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि दोघं बराच वेळ तो दोरा सोडवत राहिली. चाक केव्हाच मोकळं झालं होतं.

दर रविवारी तिचा फोन यायचा. आधी आईशी, जर्मनमध्ये. बाई मुद्दाम अवघड वाक्यं टाकायच्या. ठकी थोडक्यात उत्तरं द्यायची: हो, बरं चाललंय, ड्यूटी आहे, थंडी आहे. मग फोन बापाकडे जायचा आणि तो गॅलरीत निघून जायचा. दार लोटून घेतलेलं असायचं. आतून बाईंना फक्त त्याचं हसणं ऐकू यायचं. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं काय बोलत असता?" तो म्हणाला, "काही नाही गं. असंच, इकडचं तिकडचं. त्यात काही व्याकरण नसतं."

तिने तिकडेच लग्न केलं, तिच्याच इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्टशी. माणूस सालस होता. मुलगी झाली. ती वर्षाची व्हायच्या आत इकडे बाईंचा नवरा गेला. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, बाकावर बसल्या बसल्या कलंडला. डब्याचं झाकण उघडलेलं होतं, एवढं सहकाऱ्यांनी सांगितलं.

ठकी एकटीच आली. घर माणसांनी भरलेलं. कुणी चहा करत होतं, कुणी चपला सरळ लावत होतं. बाईंना लेकीशी दोन शब्द बोलायचे होते आणि एवढ्या गर्दीत एकांत कुठून आणायचा? त्या तिच्याजवळ सरकल्या आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या, तू माझ्या खोलीत झोप. ती दोघींची भाषा होती, बाकी कुणाला कळणार नव्हती. ठकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाली, "नको आई. मी बाबांच्या खोलीत झोपते."

त्यानंतर बरीच वर्षं गेली नाहीत, पण गेली तेवढी लांब वाटली. नात चार वर्षांची झाल्यावर ठकीने तिकीट पाठवलं. ज्या देशाचं व्याकरण बाई जन्मभर शिकवत आल्या होत्या, तिथे त्या पहिल्यांदा चालल्या होत्या. नवी साडी, नवे बूट, आणि मनात एक गुपचूप समाधान: आता बघतील सगळे.

पहिला धक्का जावयाने दिला. दारातच त्याने त्यांना 'दू' म्हटलं, एकेरी. त्यांच्यात घरच्या माणसाला तसंच म्हणतात, हे बाईंनी शेकडो जणांना शिकवलं होतं. पण सासूला एकेरी? आणि जावयाला आपण एकेरी बोलायचं? जीभ रेटेना. त्या त्याला आदरार्थीच बोलत राहिल्या आणि तो दरवेळी हसून म्हणायचा, मी काय साहेब आहे का? शेवटी त्याने नाद सोडला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं.

दुसरा धक्का औषधांच्या दुकानात. गुडघ्यांना लावायचं मलम हवं होतं. बाईंनी घरून वाक्य मनात बांधून नेलं होतं. लांबलचक, पोटवाक्यासकट, क्रियापद बरोबर शेवटी. काउंटरवरच्या मुलीने ते पूर्ण ऐकून घेतलं, गोड हसली आणि इंग्रजीत विचारलं, कुठे दुखतंय? बाई तशाच परत आल्या. मलम नंतर ठकीने आणलं.

आणि तिसरं होतं नातीचं बोलणं. ती आजीशी मराठीत बोलायची. अस्खलित नव्हे, पण मोकळं. पहिल्याच संध्याकाळी टेबलाशी आली आणि म्हणाली, "आजी, माझ्या पोटात कावळे नाहीत, कावळ्यांचं संमेलन भरलंय!"

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आजोबा म्हणायचे. मम्मा सांगते."

बाईंनी ते वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्या संसारात हा माणूस असं काही बोलत होता आणि ते गॅलरीच्या दारापलीकडे बोलत होता.

नातीला आजोबांची अशी पुष्कळ वाक्यं येत होती. आजी तिच्याशी काय बोलणार? गोष्टी बाईंना येत नव्हत्या, गाणी येत नव्हती. त्यांना एकच गोष्ट येत होती. ठकीने दुसऱ्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "आई, तिच्याशी मराठीतच बोल हं. जर्मन शिकवायला इथे सगळं गाव आहे." बाईंना ते लागलं. जन्मभराची कमाई घेऊन आल्या, तर दारातच सांगितलं, ही इथे चालत नाही.

एका संध्याकाळी जेवताना नात तिच्या बापाला काहीतरी सांगत होती, अर्थात जर्मनमध्ये. बालवाडीत खार शिरली होती. मुलीने खारीला 'देअर' लावलं. "दास," बाई म्हणाल्या. मुलगी थांबली, 'दास' म्हणाली, पुढे निघाली. खार बुटात शिरली की काय म्हणताना विभक्ती चुकली. बाईंनी ती दुरुस्त केली. मुलगी परत थांबली. तिसऱ्या वेळी तिने काटा खाली ठेवला आणि मराठीत म्हणाली, "मला नाही सांगायचं."

जावई तिला उचलून दुसऱ्या खोलीत घेऊन गेला. ठकी ताटल्या गोळा करू लागली.

"आई, ती काय सांगत होती?"

"खारीचं काहीतरी."

"खारीचं काय? पुढे काय झालं?"

बाईंना आठवेना. दोन चुका ठळक आठवत होत्या, तिसरीही आठवत होती.

ठकी शेगडी पुसायला लागली. पाठमोरीच बोलत होती, आवाज चढवला नाही. "मी पाचवीत होते. मला ताप भरला होता. बाबांची दुसरी पाळी होती. माझे दात वाजत होते आणि तू क्लासचं काहीतरी लिहीत बसली होतीस. जेवायची वेळ होती म्हणून मी जर्मनमध्ये बोलले. म्हटलं, इश बिन काल्ट. आठवतं?"

"नाही बाई."

"तू वर न बघता म्हणालीस, 'मी थंड आहे असं म्हणतात का? मला थंडी वाजते. मिअर. परत म्हण.' मी परत म्हटलं, मिअर इस्ट काल्ट. मग तू वर पाहिलंस. मग कपाळाला हात लावलास. मग पांघरूण आणलंस."

"आणलं ना पण?"

"आणलंस."

"अगं, मी काय मुद्दाम..."  पण पुढे बाईंच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "आणि चूक तर होतीच ना ती? 'इश बिन काल्ट' म्हटलं की तिकडे भलताच अर्थ होतो. चारचौघांत बोलली असतीस तर हसले असते लोक."

ठकी वळली.  "हो. चूक होतीच. तुझं सगळं बरोबरच असतं आई. म्हणून तर तुझ्याशी भांडता येत नाही."

मग फडकं पिळून वाळत घालताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, सहज सांगावी तशी. "बाबांनाही शिकायचं होतं, माहितीये? फोनवर म्हणाले होते, जावयाशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत. मी म्हटलं, घरात बाई आहेत की एवढ्या मोठ्या, त्यांना सांगा. तर म्हणाले, 'नको गं ठके. ती आधी लिंग विचारील.' आणि हसले खूप."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही असं काही नाही. लागली. सकाळी उठल्या, गुडघ्यांना मलम लावलं आणि ठकीला म्हणाल्या की क्लासची मुलं खोळंबली आहेत, परीक्षा जवळ आली आहे, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. ठकीने "राहा ना" म्हटलं, एकदाच. जावयाने तिकीट बदलून आणलं. निघताना नातीने गळ्याला मिठी मारली. बाईंना तिच्या कानात काहीतरी बोलायचं होतं. मराठीत काय बोलावं ते सुचलं नाही आणि जर्मनमध्ये बोलायचं नव्हतं.

परत आल्यावर लाँड्रीवाल्याने विचारलं, "काय बाई, खूष झाले असतील तिकडचे लोक तुमचं बोलणं ऐकून?" बाई म्हणाल्या, "हो तर." ओळखीच्या नर्सांनाही तेच सांगितलं. एकदा खोटं बोलल्यावर ते दरवेळी सोपं होत गेलं.

क्लास आता पूर्वीसारखा भरत नाही. मोबाईलवर शिकतात मुलं, आणि मोबाईल त्यांना रागावत नाही. तरी संध्याकाळच्या तुकडीला काही माणसं येतात, वयाने मोठी, शिस्त आवडणारी. रविवारी ठकीचा फोन येतो. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेतेस ना, इकडे बर्फ पडलाय. सगळं मराठीत. चार-पाच मिनिटं. बाई एकदा म्हणाल्या, "मुलीला दे ना जरा."  "झोपलीये गं," ठकी म्हणाली. तेव्हा तिकडे दुपार होती. बाईंनी घड्याळाचा हिशेब मनातल्या मनात केला, 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परवा क्लासमध्ये परीक्षेच्या पत्रलेखनाचा सराव चालला होता. मैत्रीण दुसऱ्या शहरात राहायला गेली आहे, तिला पत्र लिहा. एका थोराड नर्सने हात वर केला.

"बाई, 'तुझी आठवण येते' याला दोन तऱ्हेने लिहिलंय पुस्तकात. कुठलं लिहू?"

बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. इश फरमिसं दिश. दू फेल्स्ट मिअर. खडू किरकिरला.

"पहिल्यात मी कर्ता. मी तुझी आठवण काढते, तू कर्म. दुसऱ्यात उलटं. तिथे कर्ता तू आहेस. तू मला उणी आहेस, तुझ्यावाचून माझ्याकडे काहीतरी कमी आहे, असं काहीसं. मी तिथे नुसती 'मला' म्हणून येते."

नर्स दोन्ही वाक्यांकडे बघत राहिली. "दुसरं जास्त खरं वाटतं, नाही? तुम्ही कुठलं म्हणता बाई?"

बाईंनी डस्टर उचललं. फळा दमट होता, अक्षरं पुसली जाण्याऐवजी फासली गेली.

"परीक्षेत दोन्हीला गुण मिळतात," त्या म्हणाल्या. "पुढचा प्रश्न घ्या."